बाटली उभी धर, उभी

एक फोन आहे, दोन-अडीच मिनिटांचा साधा फोन, तो काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. तिसऱ्या वर्षाला होते मी, जानेवारी महिना, रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. दुसऱ्या दिवशी डिजिटल कम्युनिकेशनचं जर्नल सबमिट करायचं होतं आणि बिट एरर रेटचा, म्हणजे पाठवलेल्या शून्य-एकांतले किती चुकतात त्याचा, जो कर्व खाली उतरत जायला पाहिजे तो माझ्या लॅपटॉपवर मध्येच आडवा होऊन बसला होता. तेवढ्यात गावाकडनं, अंकलखोपहून, आज्जीचा फोन. "पिशवी धाडतीय बग उद्या, सकाळच्या पयल्या एसटीनं. पयल्या गाडीनं, उजाडताना निगती बग ती. कंडक्टरकडं देतीय. तीन नग हाईत, तीन. पिशवी, डबा आन् काकवीची बाटली. बाटली उभी धर, उभी. आडवी करू नगंस, सांडती." एवढं झालं आणि परत पहिल्यापासून सुरू, "तर पयल्या एसटीनं..." आणि मी म्हणाले, आवाज न चढवता म्हणाले पण म्हणाले, "आज्जी, एकदाच सांग ना. ऐकू येतंय मला. आता फोन चांगले झालेत." पलीकडं काहीच नाही. फोनमध्ये ते बारीक सूऽऽ असतं ना, तेवढंच. तीन-चार सेकंद असतील. मग "बरं. ठिवते." म्हणाली आणि ठेवला. एरवी शेवटी "काय सांगितलं सांग बघू" असं विचारल्याशिवाय आणि "जेवलीस का" म्हटल्याशिवाय ती फोन ठेवत नाही. त्या दिवशी दोन्ही नाही.

पिशवी आली. सांगली स्टँडवर धुकं होतं, गाडी आली, कंडक्टरनं हसत हसत तिन्ही नग हातात दिले, बाटलीच्या बुचावर आज्जीनं प्लॅस्टिक लावून वरनं सुतळी इतकी घट्ट आवळलेली की सोडवायला कात्री लागली. काकवीचा एक थेंब सांडला नव्हता. म्हणजे मी म्हणाले ते खरंच होतं, मला एकदाच ऐकून सगळं कळलं होतं.

तरी ते सूऽऽ राहिलंच.

आज्जी फोनवर बोलायला शिकली ती पोस्टात. आमचे थोरले काका, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, फौजेत होते. ते पत्रात लिहायचे की अमुक तारखेला दुपारी चारच्या सुमाराला फोन लावतो, आणि आज्जी दोनलाच जाऊन पोस्टाच्या पायरीवर बसायची. चार म्हणजे कधी पाच, कधी सहा, कधी लागायचाच नाही. ट्रंक कॉल म्हणजे मधल्या प्रत्येक एक्स्चेंजला माणूस बसलेला, तो कॉर्ड खोचून पुढच्याला जोडणार, पुढचा त्याच्या पुढच्याला. आज्जी सांगते की त्या काळ्या रिसिव्हरला डिंकाचा आणि शिक्क्याच्या शाईचा वास यायचा आणि तो इतका जड असायचा की दोन्ही हातांनी धरायला लागायचा. कानात आधी नुसती खरखर, मग कुणीतरी परका बाप्या "बोला, बोला" म्हणणार, आणि मग फार लांबनं, विहिरीच्या तळातनं यावा तसा अण्णांचा आवाज. तीन मिनिटं. तीन मिनिटांच्या हिशोबानं पैसे, आणि पैसे अण्णांच्या पगारातनं जाणार. त्या तीन मिनिटांत आज्जीला सगळा संसार पलीकडं पोचवायचा असायचा, म्हैस व्याली, नांगरट झाली, धाकटीचं जमलं, तुझी मनीऑर्डर पोचली.

ती खरखर का असायची हे मला कॉलेजात कळलं. तारेतनं जाताना आवाजाची ताकद कमी कमी होत जाते, म्हणून मध्ये ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर लावायला लागतात, आणि ॲम्प्लिफायरला माणसाचा आवाज आणि वाटेत चिकटलेली खरखर यातला फरक कळत नाही, तो दोन्ही सारखंच मोठं करतो. शंभर किलोमीटरला जेवढी घाण साचली तेवढी पुढच्या शंभराला सोबत जाणार, वर नवीन. डिजिटल आल्यावर हे मोडलं, कारण तिथं मधल्या टप्प्यावर फक्त शून्य आहे का एक एवढंच ठरवायचं आणि ताजं कोरं शून्य किंवा एक पुढं पाठवायचं, मागची खरखर तिथंच गळून पडते. पहिल्यांदा हे वर्गात ऐकलं तेव्हा मला इतकं भारी वाटलं होतं की घरी येऊन आईला स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं होतं. पण आज्जीच्या वाट्याला यातलं काही नव्हतं. तिच्याकडं होतं ते एवढंच, की तीन मिनिटं आहेत आणि त्यातलं निम्मं ऐकू जाणार नाही. तेव्हा तिनं आपलं आपण बसवलं. प्रत्येक गोष्ट दोनदा. दुसऱ्यांदा शब्द बदलून. काही धाडायचं असलं तर किती नग ते आधी. आणि ऑपरेटर "वेळ झाली" म्हणायच्या आत, "काय सांगितलं सांग बघू." अण्णा तिकडनं म्हणून दाखवायचे. ते म्हणून दाखवणं तिला जेवढं ऐकू यायचं तेवढ्यावर ती पोस्टाची पायरी उतरायची.

गावाकडं नुसतं डायल फिरवून बाहेरगावी फोन लागायला लागले ते पुढं. १९८४ साली सी-डॉट ही टेलिफोनचं तंत्र बनवणारी सरकारी संस्था निघाली, सॅम पित्रोदांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांनी खेड्यासाठी म्हणून १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज बनवलं. त्याचं खरं वैशिष्ट्य मला वाटतं ते हे की त्याला एसी लागायचा नाही. उन्हाळा, धूळ, जाणारी-येणारी लाइट, हे सगळं धरूनच ते डिझाइन केलेलं. पहिलं बसलं ते १९८६ ला कित्तूरला, म्हणजे आपल्याकडनं बेळगाव सोडलं की पुढं. आमच्या अभ्यासात हे दोन ओळींत उरकतात, स्विचिंगच्या चॅप्टरच्या शेवटी, आणि मग लगेच पुढचं. मला नेहमी वाटतं तिथं थांबायला पाहिजे होतं जरा, कारण त्या वर्गात बसलेल्या निम्म्या पोरांच्या घरात पहिला फोन असल्याच एक्स्चेंजवरनं आला असणार.

फोन आले तरी आज्जीचं दोनदा सांगणं गेलं नाही. आणि त्यालाही कारण होतं, जे मला खूप उशिरा दिसलं. फोनच्या लाइनीतनं माणसाचा पूर्ण आवाज कधी जातच नव्हता. ३०० हर्ट्झच्या खालचं कापायचं, ३४०० च्या वरचं कापायचं, मधला पट्टा तेवढा पाठवायचा, कारण तेवढ्यात बोलणं कळतं आणि एका तारेवर जास्त लोक बसतात. डिजिटल झाल्यावरही तोच पट्टा धरून सेकंदाला ८००० वेळा आवाज मोजायचा, दर वेळी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. सगळ्या जगाचं टेलिफोनचं गणित त्या एका आकड्यावर उभं राहिलं. पण आपला 'स' राहतो वर, ४००० च्याही पुढं, तिथं त्याची सगळी फुसफुस असते. तो कापला की 'साठ' आणि 'आठ' फोनवर जवळजवळ सारखे होतात. आमच्याकडं हळदीच्या पोत्यांचा हिशोब फोनवर चालायचा तेव्हा आज्जी आणि अण्णा दोघंही "साठ, सहावर शून्य" असं म्हणायचे, आणि आठ असेल तर "आठ, नुसते आठ". लहानपणी मला वाटायचं मोठी माणसं असंच बोलतात. यार्डातले व्यापारीही असंच बोलतात, आजही. फिल्टरनं काय कापलंय हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, पण कापलंय हे त्यांच्या कानाला माहीत होतं.

खालच्या टोकाला तर अजून नवल. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे अण्णांच्या आवाजाचा पाया, ती घोगरी खालची पट्टी, ती तारेतनं कधी गेलीच नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. तरी आज्जीला तो आवाज अण्णांचाच वाटायचा, कारण मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे जे वरचे सूर असतात ते पोचतात आणि त्यांच्यातल्या अंतरावरनं आपला कान खालचा हरवलेला सूर स्वतः भरून काढतो. हे पुस्तकात वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. मग आम्ही तिघींनी मिनी प्रोजेक्टसाठी मिरजेला जायचं ठरवलं, सतारमेकर गल्लीत. तिथं एका कारागीर काकांनी आम्हाला बसवून घेतलं, मोठा पुरुषी तंबोरा आडवा घेऊन ते जवारी लावत होते, घोडीवर तार आणि हाडाच्या मध्ये सुती दोरा सरकवायचा, केसाएवढा पुढं, केसाएवढा मागं, आणि एका ठिकाणी येऊन तार अचानक बोलायला लागते, नुसतं टुंग न करता झंकार धरते. खोलीत भोपळ्याचा आणि पॉलिशचा वास होता. आम्ही मोबाईलवर रेकॉर्ड केलं, घरी येऊन स्पेक्ट्रम काढला, म्हणजे कुठल्या सुरात किती जोर आहे त्याचा ग्राफ, खर्जाचा मूळ सूर ७० हर्ट्झच्या आसपास असायला पाहिजे, आणि ग्राफवर तिथं बारीकसं टेकाड, आणि वर मात्र एकामागं एक उंच काटे, दहा, पंधरा, वीस. मग मी कोडमध्ये ३०० च्या खालचं सगळं पुसून टाकलं आणि परत वाजवून बघितलं. बारीक झाला होता आवाज, पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा, पण खर्ज ऐकू येत होता. जो तिथं नव्हताच तो ऐकू येत होता. मैत्रिणीनं हेडफोन काढून माझ्याकडं बघितलं आणि आम्ही दोघीही काही बोललो नाही.

मला तेव्हा पोस्टाच्या पायरीवरची आज्जी आठवली. तिच्या कानानं अण्णांना किती भरून काढलं असेल.

तर असा सगळा अभ्यास चालू असताना कोडिंगचा, म्हणजे निरोपात वाटेत होणाऱ्या चुका सावरण्याचा, तास आला. सर फार चांगलं शिकवायचे, फळ्यावर सावकाश. म्हणाले, चूक टाळायचा सगळ्यात बाळबोध उपाय म्हणजे रिपिटिशन कोड. एक पाठवायचा असेल तर एक-एक-एक पाठवा, पलीकडच्यानं बहुमत घ्यावं. चुका कमी होतात, पण तिप्पट जागा जाते, म्हणून शहाणा माणूस हे करत नाही. मग क्लॉड शॅनन, या सगळ्या शास्त्राचा पाया घालणारा, त्याचा १९४८ सालचा तो पेपर, ज्यात त्यानं दाखवून दिलं की खरखरीच्या लाइनीवरनंही एका मर्यादेपर्यंत, बँडविड्थ म्हणजे पट्ट्याची रुंदी आणि सिग्नल खरखरीच्या किती पट आहे यावर ठरणाऱ्या मर्यादेपर्यंत, जवळजवळ बिनचूक पाठवता येतं, फक्त कोड हुशार पाहिजे. मग हॅमिंग, १९५०, चार बिटांना तीन तपासणीचे बिट जोडायचे आणि एखादा बिट उलटला तर कुठला ते शोधून काढायचं. मग टर्बो कोड १९९३, मग गॅलेगरनं १९६० च्या दशकात मांडलेले आणि तीसेक वर्षं जवळजवळ विस्मरणात गेलेले एलडीपीसी नावाचे कोड, जे आता ५जीमध्ये आपला सगळा डेटा वाहतात. तास संपला तेव्हा वहीची सहा पानं भरली होती. आणि माझ्या मनात 'बाळबोध' हा शब्द अडकून बसला होता. कारण जानेवारीतला तो फोन होऊन दोनच महिने झाले होते.

घरी येऊन मी आज्जीचा निरोप वहीत लिहून काढला. जसा आठवला तसा. आणि बघितलं तर ती रिपिटिशन करतच नव्हती. "पयल्या एसटीनं" म्हटल्यावर दुसऱ्यांदा ती "उजाडताना निगती बग ती" म्हणाली. "उभी धर" नंतर "आडवी करू नगंस". तेच, पण दुसऱ्या बाजूनं. एक ऐकू नाही आलं तर दुसऱ्यावरनं कळावं, आणि दोन्ही अर्धे अर्धे ऐकू आले तर जोडून कळावं. आपल्या ४जीमध्ये अगदी हेच चालतं. मोबाईलला आलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, खराब निघालं तर तो टॉवरला सांगतो, परत पाठव, पण खराब आलेलं टाकून देत नाही, जपून ठेवतो. टॉवर दुसऱ्यांदा पाठवतो तेव्हा तेच जसंच्या तसं पाठवण्याऐवजी तपासणीचे वेगळे बिट पाठवतो, आणि मोबाईल दोन्ही एकत्र करून वाचतो. हे सगळं ८ मिलिसेकंदांच्या फेऱ्यात, आपल्याला पत्ताही लागत नाही. इन्क्रिमेंटल रिडंडन्सी असं भारदस्त नाव आहे त्याला. आणि "तीन नग हाईत, तीन" हे काय आहे मग? ती तपासणी आहे. पिशवी, डबा, बाटली यातलं एखादं ऐकताना गळलं तर आकडा जुळणार नाही आणि ऐकणारा विचारेल, तिसरं काय गं? हॅमिंगनं बिटांना जे जोडलं ते हिनं काकवीला जोडलं होतं. आणि "काय सांगितलं सांग बघू" ही पोच, तिच्याशिवाय तर एकही प्रोटोकॉल चालत नाही.

आणि नुसतं तेच ते परत पाठवणंही काही टाकाऊ नाही. शेताच्या टोकाला, रेंज जेमतेम असते तिथं, जमिनीतली ओल मोजणारे सेन्सर बसवायचे असतील तर त्यासाठी एनबी-आयओटी म्हणून पद्धत आहे, त्यात टॉवर सेन्सरला एकच निरोप २०४८ वेळांपर्यंत परत परत पाठवू शकतो. सेन्सर उलट १२८ वेळांपर्यंत. जिथं पोचायची खात्री नाही आणि घाई नाही, तिथं सगळं ज्ञान पालथं घातल्यावरही शेवटी परत सांगण्यावरच यावं लागतं. सरांना मी हे सांगितलं नाही. त्यांचंही चूक नव्हतं, फळ्यावरच्या त्या एका चॅनलसाठी ते बरोबरच होतं.

शॅननच्या त्या पेपरमध्ये अगदी सुरुवातीलाच आहे की निरोपाचा अर्थ काय, याचा इंजिनिअरिंगच्या प्रश्नाशी संबंध नाही. खूप जणांना हे कोरडं वाटतं. मला तसं वाटत नाही. अर्थ बाजूला ठेवला म्हणूनच तर एकाच फायबरमधनं हळदीचा भाव, कुणाच्या बाळाचा फोटो आणि बँकेचा ओटीपी शेजारी शेजारी जाऊ शकतात, कुणाला किती महत्त्व हे तारेनं ठरवायचं नसतं. पण मग ते ठरवायचं ज्याच्या कानाशी फोन आहे त्यानं. आणि मी त्या रात्री ते केलं नाही. मी निरोप घेतला, तो बरोबर घेतला, आणि बाकीचं मला त्यात काही दिसलंच नाही.

खरं तर मला माहीत असायला पाहिजे होतं. २०१९ चा ऑगस्ट मी विसरलेली नाही. बारावीत होते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आमची विश्रामबागेतली कॉलनी वाचली, पण अंकलखोपला नदी गावात शिरली होती आणि अण्णांचा फोन बंद, शेजारच्यांचा बंद, सगळे बंद. लाइट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो काही तास, मग डिझेलवर, आणि रस्ताच पाण्याखाली असला तर डिझेल पोचवणार कसं. पप्पा दीड दिवस फोन हातात धरून बसलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिंग वाजली, अनोळखी नंबर, कुणाचा तरी फोन मागून घेतलेला. पप्पांनी स्पीकरवर टाकला. आज्जी होती. आवाज तुटत होता, अर्धा शब्द, मग काही नाही, मग धातूसारखा चिरका तुकडा. "...स्तीवर हाय... ...दी वरल्या वस... ...सगळी. जनावरं... ...डली आदीच, सोडली जन..." आणि कट. परत लागला नाही. पण आई, पप्पा, मी, आम्ही तिघांनी ते तुकडे एकमेकांना म्हणून दाखवले आणि जुळवले. समदी वरल्या वस्तीवर हाय. जनावरं सोडली आधीच. पहिल्या वेळी जे बुडालं ते दुसऱ्या वेळी वर आलं होतं. पप्पा तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. आई देवापुढं दिवा लावायला गेली. त्या दिवशी आज्जीनं एकदाच सांगितलं असतं तर आम्ही अजून दोन रात्री तशाच काढल्या असत्या, तिसऱ्या दिवशी बोटीवरनं आलेल्या माणसाकडनं कळेपर्यंत.

आणि त्यानंतर साडेतीन वर्षांनी मी तिला म्हणाले, एकदाच सांग.

शेवटच्या वर्षाला मोबाईल कम्युनिकेशन होतं. त्यात स्पीच कोडिंगचा भाग. मोबाईल आपला आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. तो दर २० मिलिसेकंदाला आपला घसा, तोंडाची पोकळी कशी आहे त्याचं एक मॉडेल काढतो, त्याचे आकडे पाठवतो आणि पलीकडचा फोन त्या आकड्यांवरनं आपला आवाज नव्यानं घडवतो. एखादा तुकडा वाटेत हरवला तर मागचाच तुकडा परत वाजवतो, जरा हळू करून, आणि लागोपाठ हरवत गेले तर हळूहळू शांत होतो. म्हणजे यंत्रसुद्धा न कळलं की आधीचंच परत म्हणतं. हे सगळं आवडीनं लिहून घेत होते मी. मग पुढचा मुद्दा आला, माणूस बोलायचा थांबला की काय.

माणूस गप्प झाला की फोन पाठवायचं जवळजवळ बंद करतो. बॅटरी वाचते, हवेत गर्दी कमी होते. पण मग पलीकडं एकदम ठार शांतता होते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं फोन कट झाला, तो हॅलो हॅलो करायला लागतो. म्हणून गप्प असलेला फोन मधून मधून, दर १६० मिलिसेकंदाला, एक छोटी फ्रेम पाठवतो की माझ्या मागचा आवाज साधारण असा असा आहे, आणि त्यावरनं ऐकणाऱ्याचा फोन स्वतः एक बारीक सूऽऽ तयार करून त्याच्या कानात सोडतो. कम्फर्ट नॉइज. लोकांना बरं वाटावं म्हणून बनवलेली खरखर. माझं पेन तिथं थांबलं. मॅडम पुढं गेल्या आणि माझ्या वहीत त्या दिवशीचं पुढचं काहीच नाही.

कारण ते सूऽऽ मी इतके महिने आज्जीचं म्हणून जपून ठेवलं होतं. मला वाटत होतं तो तिच्या सोप्यातला आवाज, रातकिडे, चुलीवर निवत ठेवलेलं पाणी, तिचा श्वास. मी कितीदा तरी ते आठवून बघितलं होतं आणि त्यात ती चिडलीय का, दुखावलीय का, का नुसतीच विचारात पडलीय हे शोधत बसले होते. आणि ते माझ्याच फोननं माझ्यासाठी बनवलेलं होतं. फोनमध्ये एक भाग असतो, तो सतत ठरवत असतो की आत्ता माइकवर येतंय ते बोलणं आहे का नाही. त्या तीन-चार सेकंदांत आज्जीनं हळूच उसासा सोडला असेल, पुटपुटली असेल काहीतरी, पदरानं तोंड पुसलं असेल, तर ते बोलणं नाही असं ठरवून तिच्या फोननं ते पाठवलंच नसणार. तिच्याकडं खरं काय झालं ते तिथंच राहिलं, अंकलखोपला. मला त्याचं खूप वाईट वाटलं आणि त्याच वेळी, कसं सांगू, जरा सुटल्यासारखंही वाटलं. मला जे ऐकू आलं नाही त्याचा अर्थ मी लावत बसले होते.

पण एक गोष्ट खरी होती आणि ती लपत नव्हती. त्या जानेवारीनंतर आज्जी मला कुठलीच गोष्ट दोनदा सांगत नाही. सुरुवातीला लक्षात आलं नाही. मग एकदा मावशी आमच्याकडं आली असताना तिला आज्जीचा फोन आला, आणि पलीकडनं तेच जुनं, दोनदा, उलटसुलट, नग मोजून, आणि शेवटी सांग बघू. मावशी हसत हसत म्हणून दाखवत होती. माझ्याशी बोलताना मात्र आज्जी एक वाक्य बोलते आणि थांबते. फोन चांगले झालेत असं मी सांगितलं होतं, तिनं ते खरं मानलं. नात शिकतीय त्यातलंच, म्हणजे तिला माहीत असणार. गावात चारचौघांत ती सांगते म्हणे, "आमची पोरगी फोनचं शिकती."

आता डिग्री हातात आहे. बोलायचं बोलायचं म्हणत हे मी तिच्याशी कधी बोलले नाही. काय बोलणार, कम्फर्ट नॉइज म्हणून काय सांगणार. परवा दुपारी तिचा फोन आला. माझ्याकडं पूर्ण रेंज, आवाज इतका स्वच्छ की मागं कोंबडी ओरडत होती तीही कळत होती. आता ४जीवर कॉल लागला की आवाजाचा पट्टा ५० पासनं ७००० हर्ट्झपर्यंत जातो, आज्जीचा 'स' अगदी 'स' सारखा येतो. "हळद शिजवायची हाय गुरुवारी. येतीस का?" एवढंच म्हणाली आणि थांबली.

"आज्जी, परत सांग."

"ऐकू न्हाय आलं व्हय?"

"आलं. तरी परत सांग."

परत ते सूऽऽ. या वेळी मी त्यात काही शोधलं नाही, नुसती थांबले.

"गुरुवारी," ती म्हणाली, जरा दबकत. मग आवाज मोकळा झाला. "गुरुवारी बग, बाजार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. हळद शिजवायची हाय, काईल मांडतोय मळ्यात. येताना दोन नग आन, दोन. माज्या गुडघ्याच्या गोळ्या आन् सुतळीचा गुंडा. जाड सुतळी, बारीक नगं, बारीक तुटती. गोळ्या पांढऱ्या, लाल न्हवं. आन् सकाळच्या गाडीनं ये, उनाच्या आत ये." दम घेतला. "काय सांगितलं, सांग बघू."

गुरुवारी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. मळ्यात. दोन नग. पांढऱ्या गोळ्या, जाड सुतळी. उन्हाच्या आत.

"हां," आज्जी म्हणाली. "जेवलीस का?"